शिळा ब्रेड, कच्चं कस्टर्ड आणि एका वेळी एकच बदल

संशोधनाला लागण्याआधी प्रयोगाची रचना म्हणजे काय हे शिकायचं असेल, तर त्यासाठी प्रयोगशाळाच लागते असं नाही. मला तो धडा एका नाश्त्याच्या पदार्थाने दिला, आणि तोही चारचौघांत. म्हणून आज संशोधनाची गोष्ट फ्रेंच टोस्ट कॅसरोलच्या निमित्ताने सांगते. वाचून झाल्यावर तुम्हाला पदार्थही करता येईल.

आधी शब्दाचा घोळ मिटवू. आपल्याकडे कॅसरोल म्हणजे पोळ्या गरम ठेवायचा डबा. अमेरिकेत कॅसरोल म्हणजे ओव्हनमध्ये भाजायची पसरट, खोलगट डिश आणि तिच्यात भाजलेला पदार्थही. फ्रेंच टोस्ट तुम्हाला माहीत असेल: अंडं-दुधात बुडवून तव्यावर भाजलेला ब्रेड. दहा माणसांना एकेक स्लाइस तव्यावर भाजून द्यायचा तर करणारी व्यक्ती शेवटपर्यंत गॅससमोर उभी राहते. म्हणून इथल्या घरांत ख्रिसमसच्या सकाळी, ईस्टरला किंवा मदर्स डेला एक युक्ती करतात. ब्रेडचे तुकडे आदल्या रात्री डिशमध्ये रचायचे, वरून अंडी-दूध-साखरेचं मिश्रण ओतायचं, डिश रात्रभर फ्रिजमध्ये ठेवायची आणि सकाळी उठून थेट ओव्हनमध्ये. ब्रंचला मंडळी जमेपर्यंत घरभर दालचिनीचा वास आणि यजमान मोकळा.

ब्रेड दुधात भिजवण्याची कल्पना मात्र फार जुनी. अपिकियसच्या नावावर असलेल्या रोमन पाकसंग्रहात ब्रेडचे तुकडे दुधात भिजवून, तळून, वर मध घालून वाढायला सांगितलं आहे. त्यात अंडं नाही. फ्रेंच लोक या पदार्थाला 'पँ पर्द्यू' म्हणतात, म्हणजे वाया गेलेला ब्रेड. हे नाव लक्षात ठेवा, कारण सगळी गडबड 'वाया गेलेला' म्हणजे नेमका कसा, इथेच आहे.

तर झालं असं. माझ्या लॅबमधल्या एका मैत्रिणीच्या घरी रविवारच्या ब्रंचला बोलावलं होतं. मी मोठ्या हौसेने सांगितलं की कॅसरोल मी आणते. घरात तिची ऐंशी पार केलेली आजी होती आणि गरोदर वहिनी होती. माझ्याकडे रेसिपीत सांगितलेली ९ बाय १३ इंची डिश नव्हती, ८ इंची चौकोनी पण खोल डिश होती. सगळं साहित्य त्यात बसलं, म्हणून मी खूश. पन्नास मिनिटांनी वरचा थर छान तांबूस झाला. टेबलावर चमचा घातला, तर मध्यभागी पिवळं पातळ कच्चं अंडं.

कच्च्या अंड्यात साल्मोनेला असू शकतो, आणि वयस्कर व गरोदर माणसांना त्याचा धोका जास्त. डिश परत ओव्हनमध्ये गेली. मधला भाग शिजेपर्यंत कडा रबरासारख्या झाल्या आणि त्यांना पाणी सुटलं. शेवटी सगळ्यांनी फळं आणि टोस्ट खाल्ले. कुणी काही बोललं नाही, आणि त्याचंच मला जास्त लागलं.

पुढच्या आठवड्यात घरी पुन्हा केला. या वेळी मी ब्रेड दोन दिवसांचा जुना घेतला, दूध थोडं कमी केलं, मोठी डिश विकत आणली आणि पंधरा मिनिटं जास्त भाजलं. उत्तम झाला! सोमवारी मार्गदर्शकांना सांगितलं, तर त्यांनी एवढंच विचारलं, "मग नेमकं कशामुळे जमलं?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. चार गोष्टी एकदम बदलल्या होत्या. मी तेव्हा पीएचडीच्या दुसऱ्या वर्षाला होते, विषय अन्नशास्त्र, आणि माझ्या स्टार्चच्या नमुन्यांबाबतही गेले काही महिने मी अगदी हेच करत होते. तापमानही बदल, पाणीही बदल, साठवणही बदल, आणि निकाल चांगला आला की वहीत तारीख टाकून पुढे जा. त्या प्रश्नानंतर मी वही उघडली आणि जवळजवळ एका सत्राचं काम पुन्हा करावं लागणार हे दिसलं. ते दुःख वेगळं. इथे आपण डिशपुरतं बोलू.

पहिला प्रश्न ब्रेडचा. बहुतेक सगळ्या रेसिप्या म्हणतात की ब्रेड शिळा हवा. का? आपण मनात धरतो की शिळा म्हणजे वाळलेला, आणि वाळलेला ब्रेड दूध जास्त पितो. ऐकायला बरोबर वाटतं ना? पण शिळेपण आणि कोरडेपण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि हे आजचं नाही, १८५२ सालचं ज्ञान आहे. बूसँगो या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने दाखवलं की पाणी उडून जाणार नाही अशा रीतीने बंद करून ठेवलेला ब्रेडही शिळा होतो. आणि शिळा ब्रेड पुन्हा गरम केला की तो बराचसा ताज्यासारखा मऊ होतो, खरं तर गरम करताना त्यातलं पाणी आणखी कमी झालेलं असतं! शिळेपण म्हणजे फक्त पाणी जाणं असतं, तर हे शक्यच झालं नसतं. किती साधा प्रयोग आहे बघा. एक रूढ समजूत घेतली, तिच्यातून काय घडायला हवं ते काढलं आणि ते घडत नाही हे दाखवलं.

मग शिळेपण म्हणजे काय? ब्रेड भाजताना पिठातल्या स्टार्चचे कण पाणी शोषून फुगतात आणि त्यांची आतली शिस्तशीर रचना मोडते. थंड झाल्यावर स्टार्चच्या साखळ्या हळूहळू पुन्हा एकमेकींशेजारी रांगेत येतात आणि स्फटिकासारखी घट्ट रचना करतात. याला रेट्रोग्रेडेशन म्हणतात. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात काट्झ या डच संशोधकाने क्ष-किरणांच्या साहाय्याने हा बदल दाखवला. स्टार्चमधलं अमायलोज काही तासांतच असं जुळतं, अमायलोपेक्टिनला काही दिवस लागतात. अमायलोपेक्टिनचे स्फटिक साधारण ६० अंश सेल्सियसच्या आसपास वितळू लागतात, म्हणून शिळा ब्रेड गरम केल्यावर मऊ होतो. हीच गोष्ट तुम्हाला घरून माहीत आहे. फोडणीच्या भाताला कालचा भातच लागतो, ताज्या भाताचा लगदा होतो. आईने त्याला रेट्रोग्रेडेशन म्हटलं नसेल एवढंच.

आणखी एक गोष्ट बऱ्याच जणांना उलटी वाटते. ही रचना फ्रिजच्या तापमानाला सगळ्यात वेगाने होते, बाहेर ठेवल्यावर त्याहून हळू आणि फ्रीजरमध्ये जवळपास थांबते. म्हणजे ब्रेड ताजा राहावा म्हणून तो फ्रिजमध्ये ठेवणं म्हणजे त्याला लवकर शिळं करणं. बुरशी उशिरा लागते, हे मात्र खरं.

आता कॅसरोलकडे या. शिळ्या ब्रेडची जाळी ताठ असते, भिजल्यावर ती लगेच कोसळत नाही. वाळलेल्या ब्रेडमध्ये पाणी कमी असतं, म्हणून कस्टर्डला आत जागा मिळते. ताज्या ब्रेडमध्ये वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याहून जास्त पाणीच असतं, ते कस्टर्डमध्ये मिसळलं की लगदा. आपल्याला दोन्हींतलं कोरडेपण जास्त हवंय, आणि त्यासाठी दोन दिवस थांबायची गरज नाही. तुकडे करून १५० अंशांवर दहा-पंधरा मिनिटं ओव्हनमध्ये वाळवा, रंग येऊ देऊ नका. झालं.

दुसरा भाग कस्टर्डचा. अंड्यातली प्रथिनं म्हणजे गुंडाळलेल्या दोऱ्यासारखे रेणू. उष्णतेने ते उलगडतात, एकमेकांत अडकतात आणि त्यांच्या जाळ्यात पाणी धरून ठेवतात. पांढरं ६२ अंशांच्या आसपास घट्ट व्हायला लागतं, पिवळं त्याच्या थोडं पुढे. पण दूध आणि साखर घातली की प्रथिनं एकमेकांपासून लांब पडतात आणि त्यांना उलगडायलाही जास्त उष्णता लागते, त्यामुळे कस्टर्ड बसायला ८० अंशांच्या जवळ जावं लागतं. त्याच्याही फार पुढे गेलं की जाळं आवळतं आणि धरलेलं पाणी पिळून बाहेर टाकतं. माझ्या डिशच्या कडांना सुटलेलं पाणी ते हेच. खरवस जास्त वाफवला की त्याला जाळी पडून पाणी सुटतं, ते आठवा. तिथली प्रथिनं वेगळी आहेत, पण वागणं तेच.

सुरक्षिततेसाठी अमेरिकेच्या कृषी खात्याची शिफारस अशी की अंड्याचा पदार्थ आतपर्यंत ७१ अंश सेल्सियसला पोचला पाहिजे. कस्टर्ड नीट बसलेलं असेल तर आपण त्याच्या पुढेच असतो. पण 'वरून तांबूस झालं' हा त्याचा पुरावा नाही. तांबूसपणा येतो तो पृष्ठभाग कोरडा होऊन १४० अंशांच्या वर गेल्यामुळे, आणि पाच सेंटिमीटर खाली काय चाललंय याचा त्याच्याशी काही संबंध नाही. मी मोजायला हवी होती एक गोष्ट आणि बघत बसले दुसरीच. संशोधनात ही चूक फार सभ्य कपड्यांत येते. सोपं मोजमाप समोर असतं, हवं ते मोजमाप कटकटीचं असतं, आणि आपण स्वतःला पटवतो की दोन्ही एकच. इथे उपाय स्वस्त आहे: टोचून तापमान बघायचा डिजिटल थर्मामीटर.

तिसरा भाग, ज्याच्याकडे माझं लक्षच नव्हतं, तो खोलीचा. ९ बाय १३ म्हणजे ११७ चौरस इंच. ८ बाय ८ म्हणजे ६४. तेच साहित्य लहान डिशमध्ये घातलं की थर साधारण १.८ पट जाड होतो. आता उष्णता ब्रेड आणि कस्टर्डसारख्या पदार्थात वहनाने आत जाते, आणि तिला मध्यापर्यंत पोचायला लागणारा वेळ जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. १.८ चा वर्ग म्हणजे तिपटीहून जास्त! बाजूंनीही थोडी उष्णता येते म्हणून प्रत्यक्षात इतकं नसेल, पण पंधरा मिनिटं वाढवून भागणारं हे प्रकरण नव्हतं. हा हिशेब मी पाच मिनिटांत कागदावर करू शकले असते. केला नाही, कारण रेसिपीत हिशेब करतात हे डोक्यातच आलं नाही.

तर मार्गदर्शकांच्या प्रश्नाचं उत्तर शोधायला मी चार लहान पावाचे साचे घेतले. दोन घटक, प्रत्येकाच्या दोन पातळ्या: ब्रेड ताजा किंवा वाळवलेला, थर उथळ किंवा खोल. दोन दुणे चार. याला फॅक्टोरियल रचना म्हणतात, आणि तुमच्या पहिल्या वर्षाच्या संख्याशास्त्रात ती येईलच. मजा अशी की यात प्रत्येक घटकाचा परिणाम वेगळा दिसतो, आणि दोघांची जोडी काही निराळंच करते का, तेही दिसतं.

बाकी सगळं सारखं ठेवायचं, आणि खरी मेहनत तिथेच आहे. अंडी-दुधाचं मिश्रण एकाच भांड्यात करून चौघांत ओतलं, म्हणजे एका साच्यात मोठं अंडं आणि दुसऱ्यात लहान असं होऊ नये. ब्रेड आणि मिश्रणाचं प्रमाण वजन करून सगळीकडे तेच. चारही साचे फ्रिजमध्ये तेवढेच तास. ओव्हनचा मागचा कोपरा नेहमी जास्त तापतो, म्हणून कोणता साचा कुठे हे चिठ्ठ्या टाकून ठरवलं. आणि काय मोजायचं ते आधीच वहीत लिहिलं: मध्यभागी ७५ अंश व्हायला लागलेली मिनिटं, आणि काप ताटलीत काढल्यावर दहा मिनिटांत सुटलेल्या पाण्याचं वजन. 'छान झाला' हा रकाना ठेवलाच नाही. पुढच्या शनिवारी सगळं पुन्हा एकदा केलं.

निकाल माझ्या अंदाजाच्या विरुद्ध गेला. मला खात्री होती की मध्य कच्चा राहायचं कारण ताजा ओला ब्रेड. पण मध्य शिजायला लागणाऱ्या वेळेत ब्रेडमुळे मला काही म्हणण्यासारखा फरक दिसला नाही, खोलीमुळे मात्र दोन्ही वेळा मोठा दिसला. वाळवलेल्या ब्रेडचा फायदा वेगळ्याच ठिकाणी होता. ताटलीत पाणी कमी सुटलं आणि काप उभा राहिला. म्हणजे ब्रंचच्या दिवशी माझी डिश चुकली ती डिशमुळे, आणि मी आठवडाभर दोष देत होते ब्रेडला. दोन वेळांच्या पुनरावृत्तीवर कुणी शोधनिबंध लिहू नये, हे सांगायला नकोच.

रात्रभर भिजवण्याबद्दलही विचारतील कुणीतरी. एक तुकडा वजन करून भिजवा, दहा मिनिटांनी, अर्ध्या तासाने आणि सकाळी निथळून पुन्हा वजन करा. माझ्याकडे बरंचसं शोषण पहिल्या अर्ध्या तासातच झालं होतं, फक्त जाड कवचाच्या तुकड्यांना वेळ लागला. रात्रभर ठेवायचं मुख्य कारण म्हणजे आपल्याला सकाळी झोप मिळते. हेही कारण उत्तमच आहे.

आता कृती. आठ-दहा माणसांसाठी ९ बाय १३ इंची डिश, आतून लोणी लावून. साधारण ४५० ग्रॅम हाला किंवा ब्रिऑश ब्रेड, म्हणजे अंडं घातलेला मऊ गोडसर ब्रेड, दीड इंची तुकडे करून वर सांगितल्यासारखा वाळवलेला. नसेल तर साधा न कापलेला पाव चालतो, पातळ स्लाइसचा नको. ८ अंडी, ६०० मिलिलिटर दूध (त्यातलं शंभरेक मिलिलिटर क्रीम घेतलं तर अधिक चांगलं), १०० ग्रॅम साखर, दोन चमचे व्हॅनिला, एक चमचा दालचिनी पूड, चिमूटभर मीठ आणि जायफळ. मीठ विसरू नका, त्याशिवाय सगळं मिळमिळीत लागतं. अंडी आधी नीट फेटा, पांढऱ्याचे दोरे राहिले तर ते ब्रेडवर पांढऱ्या ठिपक्यांसारखे शिजतात. मिश्रण ओतून तुकडे हलके दाबा, झाकून फ्रिजमध्ये. हे मिश्रण बाहेर ओट्यावर रात्रभर ठेवायचं नाही, थंडीचे दिवस असले तरी नाही.

सकाळी ओव्हन १७५ अंशांवर तापवा. डिश काचेची असेल तर फ्रिजमधून काढून थेट तापलेल्या ओव्हनमध्ये घालू नका, काच तडकू शकते. ओव्हन तापेपर्यंत बाहेर ठेवा. वरून ५० ग्रॅम थंड लोणी, तेवढाच मैदा आणि तेवढीच ब्राउन शुगर बोटांनी चुरून भुरभुरवा. पहिली तीस मिनिटं वर फॉइल, मग काढून आणखी वीस ते तीस मिनिटं. मध्यभागी थर्मामीटर टोचा, ७५ ते ८० च्या दरम्यान असेल तर बाहेर काढा आणि दहा मिनिटं हात लावू नका, आतली उष्णता अजून पसरत असते. सोबत मेपल सिरप. उरलं तर दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये.

त्याच घरी मी परत गेले, दोन महिन्यांनी. या वेळी मोठ्या डिशचं कॅसरोल तर नेलंच, शिवाय दोन छोटे साचेही नेले, एकात ओव्हनमध्ये वाळवलेला ब्रेड आणि दुसऱ्यात तीन दिवस बंद पिशवीत ठेवून शिळा केलेला. खाणाऱ्याला फरक कळतो का, हे बघायचं होतं. यासाठी त्रिकोणी चाचणी वापरतात. प्रत्येकाला तीन घास द्यायचे, दोन एकाच साच्यातले, एक दुसऱ्यातला, वर फक्त तीन आकडी क्रमांक. वेगळा कोणता ते ओळखा. क्रम प्रत्येकासाठी वेगळा, आणि घास मैत्रिणीने लावले, मी स्वयंपाकघरातच थांबले, कारण माझ्या चेहऱ्यावरूनही कळलं असतं. खाण्यापिण्यावरून संख्याशास्त्र करण्याची परंपरा मोठी आहे. फिशरने १९३५ च्या प्रयोगरचनेवरच्या पुस्तकात चहात दूध आधी घातलं की नंतर हे ओळखणाऱ्या बाईंचं उदाहरण घेतलं होतं, आठ कप आणि योगायोगाने सगळे बरोबर येण्याची शक्यता ७० मध्ये १.

आमच्याकडे सहा जण होते. केवळ अंदाजाने बरोबर यायची शक्यता प्रत्येकी एक तृतीयांश. सहापैकी चार जणांनी बरोबर ओळखलं, आणि टेबलावर टाळ्या पडल्या. मी कागदावर आकडे मांडले: सहांत चार किंवा त्याहून जास्त बरोबर नुसत्या योगायोगाने यायची शक्यता १० टक्के. ५ टक्क्यांचा नेहमीचा निकष लावायचा तर सहांपैकी पाच हवे होते. म्हणजे फरक कळतो असं म्हणता येत नाही, आणि कळत नाही असंही म्हणता येत नाही. सहा जण कमी पडले. बारा जण असते तर आठ पुरले असते.

आजींनी चुकीचा घास निवडला होता. आकडेमोड ऐकून झाल्यावर त्यांनी विचारलं की मग मोठ्या डिशमध्ये कोणता ब्रेड घातलाय. वाळवलेला, मी म्हटलं. त्यांनी ताटली पुढे केली. मदर्स डेला त्या घरी बारा-तेरा माणसं जमतात म्हणे, मी क्रमांकांच्या चिठ्ठ्या आत्ताच करून ठेवल्या आहेत.